कान्ह्याच्या मैदानावर, साठ वर्षं मागेपुढे

जानेवारी १९६५. गोंदियाच्या फलाटावर छोट्या लाइनची गाडी उभी आहे. रुळांची रुंदी अडीच फूट, आणि डबे इतके अरुंद की समोरासमोर बसणाऱ्यांचे गुडघे एकमेकांना लागतात. तुम्ही वळकटी आणि कंदील घेऊन चढता. मोबाइल, हातभर लांबीची लेन्स, ऑनलाइन काढलेलं परमिट, हे सगळं घरी ठेवून यायचं, ही या प्रवासाची अट. बालाघाट मागे पडतं, नैनपूरला गाडी बदलायची आणि मंडल्याच्या फाट्यावर चिरईडोंगरीला उतरायचं. पन्नास वर्षांनी, २०१५ साली, ही छोटी लाइन बंद होणार आहे. आज मात्र इंजिनाचा कोळसा तुमच्या डोळ्यांत जातो आहे. पुढचा रस्ता जंगलात लाकूड आणायला निघालेल्या रिकाम्या ट्रकमधून. बसायला टपावर जागा मिळते.

रात्र वनखात्याच्या विश्रामगृहात. पहाटे चौकीदार दार ठोठावतो तेव्हा अंगणातल्या बादलीत पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला असतो. जीभ भाजेल असा चहा पोटात घालून तुम्ही चालायला लागता. चक्क चालायला. १९६५ साली जिप्सी नाही, गेटवर रांग नाही, ‘खाली उतरू नका’ असं बजावणारा गाइड नाही. सोबत एक बैगा वाटाड्या आहे, खांद्यावर कुऱ्हाड टाकलेला. तो सौंफ गावचा, इथून काही कोसांवरचा. त्याची चाल सावकाश आहे, तरीही तुम्हाला धाप लागते.

ताडोबा-नागझिऱ्याच्या जंगलाची सवय असलेल्या डोळ्यांना इथे थोडं चुकल्यासारखं होतं. जानेवारीतही रान हिरवं आहे. हा साल. सागासारखा तो उघडाबोडका होत नाही. सरळसोट खोडं, वर चकचकीत पानं, खाली थंडगार सावली. आणि मग एका ठिकाणी झाडं एकदम थांबतात. पुढे नुसतं उघडं मैदान, दूरवर पसरलेलं, दहिवराने पांढरं झालेलं. हे असं का, तर रात्री डोंगरावरची जड, गार हवा उतरून या सखल भागात साचते, पहाटे गवतावर गोठते आणि सालाची कोवळी रोपं जाळून टाकते. वाटाड्याला याचं शास्त्र माहीत नसेल, पण घर कुठे बांधायचं नाही हे त्याला बरोब्बर ठाऊक आहे.

पण मैदान उघडं असण्याचं हे एकच कारण नाही. दुसरं कारण ऐकू येतं आहे. धुक्यातून लाकडी घंटांचा खडखडाट येतो, मग शेणाचा वास, मग गुरं. गायी, म्हशी, काटकुळी वासरं, आणि पाठीमागे डोक्यावरून घोंगडी घेतलेला पोरगा. पलीकडे चुलींचा धूर. ते कान्हा गाव. राष्ट्रीय उद्यानाच्या ऐन मधोमध गाव आहे, शेतं आहेत, आंब्या-मोहाची झाडं आहेत. उद्यानाला जेमतेम दहा वर्षं होत आली आहेत. १९५५ साली त्याचा कायदा झाला तो नागपुरात, कारण तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्याच वर्षी ताडोबाही राष्ट्रीय उद्यान झालं. दोघं भाऊच म्हणायचे. पुढच्या वर्षीच्या राज्य-पुनर्रचनेत एक इकडे आला, एक तिकडे राहिला.

सूर्य वर येतो, धुकं विरतं, आणि तुम्ही मोजायला लागता. चितळ तर जिकडे तिकडे. त्यांच्यामधून गुरं फिरताहेत आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नाही. जरा पुढे, जिथे गवत चरून चरून जमिनीलगत आलं आहे, तिथे काळवीट. हो, कान्ह्यात काळवीट! काळाभोर नर मान मागे टाकून, पिळाची शिंगं पाठीला टेकवून माद्यांभोवती ऐटीत फिरतो आहे. नीट पाहून घ्या. या मैदानावर ते फार काळ राहणार नाहीत, आणि त्यांना घालवणारी गोष्ट तुम्हाला कल्पनेतही येणार नाही.

मग तो आवाज येतो. आधी एक लांब, चढत गेलेला सूर, आणि त्याच्या शेपटाला धापा टाकल्यासारखे तुटक हुंकार. तेल न घातलेल्या रहाटाने एवढा मोठा आवाज काढावा तसा. वाटाड्या हनुवटीने दिशा दाखवतो. पाणथळीच्या कडेला बाराशिंग्याचा नर उभा आहे. त्यांच्या माजाचे हे दिवस. मानेवरचे केस चिखलाने चिकटून गेलेले, रंग गर्द तपकिरी. तो खाली वाकतो, शिंगं गवतात खुपसतो, मुंडी गरागरा फिरवतो आणि उपटलेल्या गवताचा भारा शिंगांवर घेऊनच वर येतो. भाऱ्यातून पाणी निथळतं, एक लांब पातं डोळ्यावर लोंबकळतं. ते झटकायचंसुद्धा तो नाकारतो. शिंगांचे फाटे मोजायचा प्रयत्न करा. बारा भरतीलच असं नाही. कुणाला दहा, कुणाला चौदा. तोंड उघडतो तेव्हा वाफ बाहेर पडते आणि मग आवाज, इतक्या जवळून की तुमच्या छातीत घुमतो.

हा बाराशिंगा उत्तरेतल्या तराईतल्या भाऊबंदांपेक्षा वेगळा. त्यांचे खूर दलदलीसाठी फाकलेले. याचे कडक जमिनीसाठी आवळलेले. शास्त्रीय नावात ‘ब्रँडेराय’ आहे, ते डनबार ब्रँडर या जुन्या जंगल-अधिकाऱ्यावरून. आणि १९६५ साली हा प्राणी जगात म्हणण्यासारखा उरला आहे तो फक्त इथे. तुमच्यासमोरच्या कळपात किती आहेत ते पाहा. बोटांवर मोजायचा मोह होईल इतके थोडे.

मैदानाच्या कडेला एक उंच, सडसडीत गोरा माणूस दुर्बीण लावून तेच मोजतो आहे. जॉर्ज शॅलर. एकतिशीचा अमेरिकन, आफ्रिकेतल्या डोंगरी गोरिलांचा अभ्यास करून इथे आलेला. बायको आणि दोन लहान मुलगे मैदानाजवळच्या बंगल्यात राहतात. त्याची वही हा या जंगलातला खरा चमत्कार आहे. तोवर वाघाबद्दल जे लिहिलं गेलं ते बहुतेक बंदुकीच्या मागून: किती फुटांचा, कुठे गोळी लागली, पडायला किती वेळ लागला. शॅलर वाघाची विष्ठा गोळा करतो, धुतो, वाळवतो, त्यातले केस तपासतो आणि लिहून ठेवतो की वाघाने काय खाल्लं. निम्म्याहून थोडी अधिक चितळं, बाकी सांबर, बाराशिंगा, गवा, आणि गुरंही. वाघांना तो चेहऱ्यावरच्या पट्ट्यांवरून ओळखतो. त्याचं पुस्तक दोन वर्षांनी येईल, ‘द डिअर अँड द टायगर’. नावातला क्रम लक्षात घ्या: आधी हरीण, मग वाघ. पुढे कित्येक दशकं लाखभर पर्यटकांना जे उमगणार नाही ते या माणसाने मुखपृष्ठावरच सांगून टाकलं.

दुपारी तुम्हालाही वाघ दिसतो, अगदी सहज. नाल्याच्या काठी गिधाडं झाडांवर खोळंबलेली दिसतात, म्हणजे खाली धनी बसलेला आहे. वाटाड्या तुम्हाला दंडाला धरून जांभळीमागे बसवतो. वाघीण शिकारीशेजारी कुशीवर पडली आहे, पोट तट्ट फुगलेलं. माश्यांनी हैराण होऊन ती एकदा कान फडकावते, एकदा पंजा चाटते, आणि झोपते. तासभरात एवढंच घडतं. वाघ पाहणं म्हणजे बहुतेक वेळा झोपलेलं जनावर पाहणं असतं.

उद्यानाच्या हद्दीबाहेर हिचं आयुष्य कायद्याने पैशांत मोजलेलं आहे. १९६५ साली परवाना काढून वाघ मारता येतो. परदेशी शिकाऱ्यांसाठी खास कंपन्या आहेत. कान्ह्याच्या परिसरात १९४७ ते १९५१ या काळात विजयानगरमच्या महाराजकुमारांनी तीस वाघ मारले. क्रिकेटवाल्यांना हे ‘विझी’ वेगळ्याच कारणाने आठवतील: १९३६च्या इंग्लंड दौऱ्यावरचे कर्णधार. तिथे त्यांना धावा फारशा जमल्या नाहीत. इथे धावसंख्या बरी झाली. त्यावरून जो गदारोळ उठला त्याचा हे राष्ट्रीय उद्यान होण्यात वाटा आहे, म्हणजे तसं पाहिलं तर आपण त्यांचेही ऋणी आहोत.

परतताना श्रवण ताल लागतो. श्रावणबाळ इथेच पाणी भरायला वाकला आणि दशरथाचा बाण लागला, असं इथले लोक मानतात. जवळच श्रवणचिता आहे, दशरथ मचाणही आहे. जनावर न पाहता, नुसत्या आवाजाच्या रोखाने बाण सोडणारा राजा! कथा खरी असो-नसो, शिकारीतल्या चुकीचं स्मारक एखाद्या अभयारण्यात असावं, हे मला फार आवडतं.

आता पाच वर्षं पुढे चला. तळ्याच्या पाण्यावरून नजर उचला: १९७०. मैदान तेच, थंडीही तीच. पण सकाळचा तो आवाज ऐकायला आता कान देऊन थांबावं लागतं. वनखात्याची गणना झाली आहे. १९३८च्या सुमाराला या भागात तीन हजारांच्या आसपास असलेले बाराशिंगे आता सहासष्ट उरले आहेत. सहासष्ट. एका वर्गात बसतील एवढे. चितळ मात्र पूर्वीसारखेच जिकडे तिकडे. असं का व्हावं?

शॅलरच्या नोंदींत आणि नंतर आलेल्या क्लोद मार्टिन या स्विस अभ्यासकाच्या कामात उत्तराचे धागे आहेत, आणि ते सगळे गवताशी येऊन थांबतात. चितळ गवत खातं, पानं खातं, पडलेली फुलं-फळं खातं; त्याचं भागतं. बाराशिंगा जवळजवळ गवतावरच जगतो. मादीला वर्षाला एकच पाडस होतं, पावसाळा सरता सरता, आणि ते लपवायला तिला छातीएवढं गवत लागतं. ते गवत गुरांनी खाल्लेलं असतं, नाहीतर जाळलेलं. उघड्यावर पडलेलं पाडस मग कोल्ह्याच्याही तोंडचा घास. म्हणजे सकाळी तुम्हाला जे इतकं रम्य वाटलं होतं, चितळ आणि गुरं एकत्र चरताहेत, घंटा वाजताहेत, कोवळं गवत चमकतं आहे, तोच बाराशिंग्याचा फास होता.

मैदानात जाळीचं उंच कुंपण उभं राहताना दिसतंय का? त्याच्या आत काही बाराशिंगे ठेवून वाढवायचे, वाघ-रानकुत्र्यांना बाहेर ठेवायचं, असा बेत आहे. साधारण सत्तावीस हेक्टरांची जागा. वन्यजीवप्रेमींना तेव्हाही हे पिंजऱ्यासारखं वाटलं असेल. त्याने काम केलं, पण एकट्या कुंपणाने नाही.

कारण कुंपणापेक्षा मोठी गोष्ट सौंफला घडते आहे. गाव उठतं आहे. बैलगाड्यांवर कणग्या, चुलीची भांडी, कवेलू, खाटा चढताहेत, कोंबड्या टोपल्यांखाली झाकल्या आहेत. तुमचा सकाळचा वाटाड्या त्या गाड्यांमध्ये आहे. तो तुम्हाला ओळखतो, पण थांबत नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा, १ एप्रिल १९७३ला सुरू झालेला व्याघ्रप्रकल्प, पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाटाबरोबर कान्हा, १९७६मध्ये ९४० चौरस किलोमीटरपर्यंत वाढलेलं उद्यान: या सगळ्याच्या पोटात अशी वीसएक गावं आहेत. हेमेंद्रसिंह पंवार तेव्हा इथले क्षेत्र संचालक. त्यांच्या कारकिर्दीची यशोगाथा वनाधिकाऱ्यांना आजही शिकवली जाते, आणि ते योग्यच आहे. फक्त त्या गाथेत गाड्यांवर चढवलेल्या सामानाचा उल्लेख एका ओळीत उरकतो. बाहेर काढलेल्या माणसांना जमिनी मिळाल्या. जंगल मिळालं नाही. बैगांचं जंगलाशिवाय काय होतं याचा हिशेब कुणी शिरगणतीसारखा दरवर्षी केला नाही. पुढे २०१४मध्येही गाभाक्षेत्रातून कुटुंबं हलवली गेली तेव्हा जबरदस्तीचे आरोप झाले.

मला विचाराल तर दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी फिटत नाही. सौंफ रिकामं झालं, तिथल्या शेतांवर उंच गवत आलं, आणि बाराशिंग्याच्या माद्या आपणहून तिथे पाडसं घालायला गेल्या. कुणी हाकलत नेलं नाही त्यांना.

आणि काळवीट? काळविटाला उंच गवतात जगता येत नाही. त्याचं सगळं शहाणपण डोळ्यांत आणि पायांत असतं. दुरून पाहायचं आणि पळायचं. गुरं गेली, गवत वाढलं, त्याला समोरचं दिसेनासं झालं. वर्षागणिक कळप आटत गेले आणि शेवटी मैदानावर एकही उरला नाही. २०११ साली सिवनीकडून काळवीट आणून त्यांना पुन्हा इथे वसवायचा प्रयत्न झाला. ज्या गवताने बाराशिंगा वाचवला त्याच गवताने काळवीट घालवला. ‘जंगल जसं होतं तसं राखायचं’ असं कुणी म्हणालं की विचारावंसं वाटतं: कोणत्या सालचं?

नव्वदचं दशक झटकन पार करू. सकाळी माहूत हत्ती घेऊन वाघ हुडकतात, वायरलेसवर निरोप येतो, पर्यटक जीपमधून येतात, टोकन घेऊन हत्तीवर चढतात, दहा मिनिटं वाघ पाहून उतरतात. त्याला ‘टायगर शो’ म्हणत. आता तो बंद झाला आहे. बंद झाला ते बरंच झालं, हत्तीच्याही दृष्टीने.

आणि आता तुमच्या स्वतःच्या सालात या. खटिया गेटवर रांग, जिप्सीत ब्लँकेटं, दुपारची सफारी. रस्त्यात प्रत्येक वळणावर समोरून येणारी जिप्सी थांबते आणि दोन्ही ड्रायव्हर एकच प्रश्न विचारतात. ‘मूव्हमेंट है?’ कुठे चितळाने कॉल दिला, वानर खेकसलं, की सगळ्या गाड्या तिकडे वळतात. कान्ह्यात आज वाघ शंभराच्या घरात आहेत, तेव्हा दिसण्याची शक्यता बरी असते. आणि दिसतोही एकदा: पंधरा गाड्यांच्या फटीतून, कुणाच्या तरी टोपीवरून, रस्ता ओलांडणारी पाठ. गाडीत टाळ्या वाजवायच्या नाहीत म्हणून लोक एकमेकांचे हात दाबतात.

तोच ड्रायव्हर मैदानावरून गाडी काढतो तेव्हा वेग कमी करत नाही. तुम्ही म्हणता, थांबवा. डावीकडे पाहा: बाराशिंगे. वीस, तीस, पुढे आणखी. पाण्यात गुडघाभर उभे राहून पाणवनस्पती खाताहेत, पाठींवर मैना. संख्या आता हजाराच्या आसपास गेली आहे. इतकी, की इथून ट्रकने सातपुड्यात आणि बांधवगडला पाठवून तिथे नवे कळप वसवले गेले. सहासष्टांचे हे वंशज. आणि मैदानाच्या मध्ये, काही कारण नसताना ओळीत उभी असलेली ती आंब्या-मोहाची म्हातारी झाडं दिसतात? जंगली मोह ओळीत उगवत नाही. तिथे अंगणं होती.

पण ज्या दिवसासाठी हा सगळा खटाटोप झाला, तो दिवस तुम्हाला तिकीट काढून पाहता येत नाही. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, उद्यान बंद असतं. काळातून प्रवास करतोच आहोत तर तिथेही डोकावू: सप्टेंबर, सौंफचं मैदान, सकाळचे दहा. गवत तुमच्या खांद्याच्या वर. एकही गाडी नाही. प्लास्टिकचा कागद पांघरलेले दोन वनरक्षक हातात काठ्या घेऊन गस्तीवर निघालेत, तारेचे फास शोधत. त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर गवत एका जागी किंचित दबलेलं आहे. मादी त्यापासून मुद्दाम दूर चरते आहे, तिकडे बघतसुद्धा नाही. वनरक्षकही तिकडे जात नाहीत. वळसा घालून निघून जातात.

संध्याकाळ झाली, गेट बंद व्हायला वीस मिनिटं उरलीत, उशीर झाला तर ड्रायव्हरला दंड. उद्या सकाळची आणखी एक सफारी तुमच्या नावावर आहे. आत्ताच सांगून ठेवा त्याला: वाघाचा कॉल आला तरी चालेल, पण उजाडताना अर्धा तास मैदानावर उभं राहायचं, इंजिन बंद करून. तो आरशातून तुमच्याकडे बघतो. ‘पर साहब,’ तो म्हणतो, ‘वहाँ तो सिर्फ बारहसिंगा मिलेगा.’